कोरफडीची वाटी

अडुसष्ट सालचा शिमगा. होळीची राख आळीच्या तोंडाशी अजून कोमट होती आणि गोदू नदीवर दुपटी धूत बसली होती. दुपट्यांच्या ढिगात सगळ्यांत खाली जुन्या लुगड्याचं एक फडकं होतं. ते तिनं दगडावर न आपटता पाण्याखालीच चोळलं, पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं आणि कान्हाच्या झबल्यात गुंडाळून ठेवलं. मग उगाचच वर पाहिलं. पलीकडच्या काठावर एक म्हैस तेवढी होती आणि तीही तिच्याकडे पाहत नव्हती.

“वयनी, किती घासशील गं? पोराचं दुपटं हाय का कढईचं बूड?” शेजारच्या दगडावरून चिंधी म्हणाली. चिंधी तिची नणंद. सतरा वर्षांची, लग्नाची, आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारी.

“डाग जात नाय,” गोदू म्हणाली. ते खरंच होतं.

सतरा महिन्यांनी पाळी आली होती. नऊ महिने कान्हा पोटात होता, आठ महिने अंगावर पीत होता. एवढ्या काळात गोदू पाळी विसरूनच गेली होती. आज पहाटे पोटात कळ आली तेव्हा आधी तिला वाटलं, काल पुरणपोळी जास्त झाली. मग कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं दुपट्यांचा ढीग उचलून नदी गाठली.

त्या घरात बाईची पाळी ही तिची एकटीची गोष्ट नव्हती. पाळी आली की पडवीत बसायचं. गोणपाट, एक ताटली, एक तांब्या एवढा संसार घेऊन चार दिवस बाहेर आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन आत. आळीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायचं, आज कोणाची सून बाहेर बसली आहे. पण गोदूला पडवीची भीती नव्हती. उलट चार दिवस चुलीपासून सुटका. भीती होती ती मागच्या दाराशी फुटक्या घमेल्यात लावलेल्या कोरफडीची.

अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी परतली की तिचं दूध विटाळलं, असं तिची सासू अंबाबाई मानत असे. अंबाबाईची सासूही तेच मानत होती. मग कोरफडीचं पान चिरायचं, गर वाटीत काढायचा आणि आईनं तो आपल्या अंगाला फासायचा. पोर दोनदा तोंड लावतं, कडू लागलं की रडतं, तिसऱ्या दिवशी सुटतं. गोदूनं हे एकदा केलं होतं.

त्या पोराचं नाव मोरू. मोठ्या शकूच्या पाठचा. मोरू अकरा महिन्यांचा असताना गोदूची पाळी परतली, अंबाबाईनं वाटी पुढे केली आणि गोदूनं ती मुकाट्यानं घेतली. मोरू अंगावरून तुटला. त्याच्यासाठी कर्जतहून काचेची बाटली आली, म्हशीचं दूध आलं, दुधात घालायला पाणी होतंच. दोन-अडीच महिन्यांत गोदूच्या पोटात कान्हा राहिला. इकडे मोरूला हगवण लागायची, थांबायची, पुन्हा लागायची. पौषात एका दुपारी तो गेला. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. बाटली तेवढी धुऊन माळ्यावर ठेवली गेली.

म्हणून त्या सकाळी नदीवरच गोदूनं ठरवलं की सांगायचं नाही. कान्हा स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खाईल तोवर तो अंगावरच राहील. आणि तोवर त्याच्या पाठीवर दुसरं येता कामा नये. ते कसं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

घरी आली ती थेट चुलीपुढे बसली. देव्हाऱ्यातल्या दिव्यात तेल घालायची वेळ आली तेव्हा तिनं शकूला हाक मारली.

“आज शकू कशाला? तुजे हात मोडलेत?” अंबाबाई ओटीवरून म्हणाली.

गोदूनं डोळे मिटून दिव्यात तेल घातलं. ज्योत नेहमीसारखीच जळली. तरी तिला दिवसभर वाटत राहिलं की आता काहीतरी होणार. आता कौल पडेल, आता गाय आटेल, आता कान्हाला ताप भरेल. ती तासातासाला त्याच्या कपाळाला हात लावून बघत होती. चार दिवस असे गेले. काहीच झालं नाही, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

दर बुधवारी कर्जतहून नर्सबाई येत. चंद्राबाई त्यांचं नाव. पोरांना देवी टोचायच्या, बाळंतिणी बघायच्या आणि दुपारच्या एस्टीनं परत जायच्या. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. त्याआधी त्यांना गावात जिथपर्यंत येऊ देत, तिथपर्यंतच अंबाबाई त्यांना अजून येऊ देई, म्हणजे पडवीच्या पायरीपर्यंत. चंद्राबाई पायरीवर बसून काम उरकत आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं पीत.

त्या बुधवारी शाळेच्या ओट्यावर कान्हाला टोचून झाल्यावरही गोदू जागची हलली नाही. बाकीच्या बाया पांगल्या.

“बाय, एक विचारू? माजं नाय. माजी भावजय हाय, म्हायेरी, चौकला.”

“विचार की.”

“तिचं पोर आठ म्हैन्यांचं. अंगावर पितंय. आन् तिला परत आलं.”

“पाळी?”

“हळू बोला की!” गोदूनं मागे वळून पाहिलं.

“बरं, हळू. मग काय म्हणते भावजय?”

“दूद नासतं का?”

चंद्राबाई सामान पेटीत ठेवता ठेवता थांबल्या. “कोणी सांगितलं?”

“चौकला म्हन्तात.”

“चौकला काय आणि कर्जतला काय, सगळीकडे म्हणतात. दूध नासत नाही. त्या चार दिवसांत जरा कमी वाटेल, पोर कुरकुर करील. म्हणावं, पाजत राहा. जितकं पाजशील तितकं उतरेल. आणि आठ महिन्यांच्या पोराला आता वरचंही लागतं. मऊ भात, वरणाचं पाणी, पेज. पण दूध तोडू नको म्हणावं. कळलं का तुझ्या भावजयीला?”

“तिला कळंल,” गोदू म्हणाली. कान्हानं पदर ओढला तसा तिनं तो तिथंच पाजायला घेतला. “आन् पाजतंय तोवर दुसरं ऱ्हात नाय ना?”

“पोर नुसतं दुधावर असतं, रात्रंदिवस पितं, आणि बाईची पाळी आलेली नसते, तोवर सहसा राहत नाही. तेही पहिले पाच-सहा महिने. वीस वर्षं बघतेय मी. पुढे पाळी न येताच दिवस गेलेल्या बायाही बघितल्यात. आणि एकदा पाळी परतली की मग तो भरवसा संपला.”

गोदूचं तोंड उतरलं.

“अगं, भावजयीला म्हणावं, त्याला उपाय आहे. गर्भपिशवीत लूप बसवतात. हवं तेव्हा काढता येतो. पहिले काही महिने अंगावरून जास्त जाईल, कंबर दुखेल, ते आधीच सांगते. पाळी आल्यापासून पाचव्या दिवशी कर्जतच्या दवाखान्यात यायचं. म्हणजे पोटात काही नाही अशी डॉक्टरबाईंची खात्री होते.”

“म्हंजे पुढची आली की?”

“पुढची आली की. आणि नवऱ्याला विचारून. सही लागते.”

“आन् पुढची आलीच नाय तर?”

चंद्राबाईंनी पेटी बंद केली. “तर भावजयीला लवकर घेऊन ये माझ्याकडं.”

त्या दिवसापासून गोदूचा जीव दोन्हीकडून टांगला गेला. पुढची यायला हवी होती, आणि आली की लपवून कर्जत गाठायचं कसं, हे सुचत नव्हतं.

त्यात पाडवा आला. तिचा नवरा श्रीपत खोपोलीला कारखान्यात होता. साथीदारांबरोबर खोलीत राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा. पोर लहान म्हणून गोदू सासूजवळ माजघरात निजत असे, आणि सुट्टीच्या दिवशीही काही ना काही निमित्त निघे. पाडव्याला मात्र तो दोन दिवसांची रजा काढून आला. येताना शकूला रिबिनी आणि गोदूला बांगड्या घेऊन आला. नको म्हणायला तिला कारण सापडलं नाही. खरं सांगायचं तर तिनं ते फारसं शोधलंही नाही.

श्रीपत गेला आणि मोजणी सुरू झाली. होळीच्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आली होती, तेव्हा चैत्री पुनवेला यायला हवी. संध्याकाळी अंगणात उभं राहून ती चंद्राकडे बघायची. चंद्र भरत आला, भरला. मारुतीच्या देवळात सुंठवडा वाटला. मग चंद्र एका बाजूनं झिजायला लागला. पाळी आली नाही.

दिवसातून सहा-सहा वेळा ती मागच्या दारी जाऊन बघून यायची. कान्हा नीट पीत असला तरी वाटायचं, दूध आटलं. कान्हानं तोंड फिरवलं की वाटायचं, आतलं पोर दूध ओढतंय. आमटीत दोनदा मीठ पडलं. एकदा भाताच्या पेजेचा वास आला आणि तिला मळमळलं. मळमळलं ते वासानं की भीतीनं, हे तिचं तिलाच कळेना. पोट राहिलं असतं तरी अंबाबाईनं दूध तोडायलाच लावलं असतं. पाळी आली तरी कोरफड, नाही आली तरी कोरफड.

“गोदे, आंगन झाडतेस का खनतेस?” अंबाबाई विचारायची.

शेजारची सोनुबाई कुंपणापलीकडून हसायची. “अंबाबाय, सून कच्ची करवंदं खाती बरं का. काय हाय तरी काय?”

“तिला काय हुतंय? पोर अंगावर हाय,” अंबाबाई म्हणायची, पण नजर गोदूच्या पोटावरून एकदा फिरवायची.

पुनवेनंतर अकरावा दिवस रविवार होता. त्या दिवशी अंगणात तांदळाचे पापड घातले. उकड मळायला अंबाबाई, लाटायला गोदू, चिंधी आणि मदतीला आलेली सोनुबाई. शकू कान्हाला घेऊन जांभळीच्या सावलीत बसली होती. सोनुबाईचा एक डोळा पापडावर आणि एक चिंधीवर होता, कारण आपल्या पुतण्यासाठी, गजासाठी, ती चिंधीला बघत होती.

“लाटती बाय गोल,” सोनुबाई म्हणाली.

“तोंड पन गोलच हाय तिचं,” गोदू म्हणाली. चिंधीनं लाटणं उगारलं.

“आये, पापडखार मगाशी घातलास ना? परत कशाला घालतेस?” चिंधीनं विचारलं.

“तू मला शिकव आता! तीस वर्सं पापड घालते.”

ऊन चढत होतं. गोदूनं पंधरावा-सोळावा पापड लाटायला घेतला आणि तिला पोटात ती ओळखीची ओढ जाणवली. तिचा हात थांबला. थोड्या वेळानं शंकाच उरली नाही. तिचं अंग असं हलकं झालं की तिला हसू आवरेना. तिनं पदर तोंडावर घेतला.

“काय गं, काय झालं?” सोनुबाई म्हणाली.

“कायनाय. पीठ नाकात गेलं.”

उठायला हवं होतं. लाटणं खाली ठेवून, काही न बोलता, पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसायला हवं होतं. पण उठली असती तर कोरफड होती. आणि अकरा दिवसांनी आज पोट राहिल्याची धास्ती गेली होती. गोदूनं मांडी नीट घातली, जाड लुगड्याचा घोळ ओढून घेतला आणि लाटत राहिली. तिनं आणखी चाळीस पापड लाटले. त्या दिवशी सगळ्यांत पातळ पापड तिचे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनुबाईच्या देखत अंबाबाईनं परीक्षेला म्हणून एक पापड तळला. पापड कढईत फुलला आणि लाल झाला. गुलाबी नाही, चांगला विटेसारखा लाल. तिनं दुसरा तळला. तोही लाल.

“इटाळ शिवला,” अंबाबाई म्हणाली आणि झारा खाली ठेवला.

लाटणाऱ्या तिघींमध्ये बाहेर बसायचे दिवस कोणाचे, हा हिशेब अंबाबाईच्या लेखी सोपा होता. सोनुबाईचं वय उलटलेलं. गोदूचं पोर अंगावर. राहिली चिंधी.

“तुजा दिस कवाचा हाय?”

“अजून आठ दिस हायत, आये.”

“खोटं बोलतेस? सगळे पापड नासलेत हे!”

“खार दोनदा घातलास तू! मी सांगितलं हुतं!”

अंबाबाईनं तिचा दंड धरला. “लोकांच्या घरी जाऊन हेच करशील? आमची अब्रू घालवशील?”

सोनुबाईनं पदर सावरला, पोळपाट काखेत मारला आणि “येते गं” म्हणून उठली. ती अशी उठली म्हणजे गजाचं स्थळ उठलं, हे तिघींनाही कळलं. चिंधी रडत नव्हती. ती नुसती गोदूकडे बघत होती, काही ठाऊक असल्यासारखी नव्हे, तर वयनी तरी माझ्या बाजूनं बोलेल अशा आशेनं.

गोदूच्या मांडीवर कान्हा पीत होता. तिनं त्याला तसाच धरून हाक मारली, “सोनुमावशी, थांबा.”

सोनुबाई थांबली.

“आत्या, तिचा हात सोडा. ती नव्हती. मी हुते.”

“तू? तुजं तर अजून...”

“शिमग्याला परत आलं. आन् काल परत, पापड लाटताना.”

अंबाबाईला समजायला वेळ लागला. मग एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर उमटत गेली. “शिमग्याला? दिव्यात तेल घातलंस! पिठाच्या डब्यात हात घातलास! आन्...”

“व्हय. पन घरावर कौल तेवढंच हायत आत्या, एक बी पडलं नाय.”

“वर तोंड करून बोलती!” अंबाबाई कडाडली. “पडवीत बस जा. आन् ते पोर इकडं दे.”

गोदू पडवीत जाऊन बसली. जाता जाता सोनुबाई चिंधीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, एवढं तिनं पाहिलं. थोड्या वेळानं उंबऱ्याच्या आतून एक पितळी वाटी सरकत आली. वाटीत हिरवट, चिकट गर होता.

“लाव,” अंबाबाई म्हणाली.

“मी नाय लावनार.”

“इटाळाचं दूद पाजशील? पोराच्या जिवावर उठलीस?”

गोदूचा आवाज चढला नाही. “मोरूला तुमी वाटी दिलीत. पन लावली मी, आत्या. माज्या हातानं. त्यो तोंड लावायचा, थुकायचा, परत माज्याकडं बगायचा. ह्यो हात परत तसं करनार नाय.”

सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या घरात ते नाव उच्चारलं गेलं. अंबाबाई दाराच्या कडीला धरून उभी राहिली.

“माजी सात झाली,” ती शेवटी म्हणाली. “सगळी अशीच तोडली.”

“आन् ऱ्हायली किती?”

उत्तर घरात होतंच. श्रीपत आणि चिंधी. अंबाबाई आत गेली आणि गोदूला आतून माळ्याची शिडी लावल्याचा आवाज आला.

कान्हा आतच होता. दुपारभर त्याचं रडणं ऐकत गोदू गोणपाटावर बसली, उठली, पुन्हा बसली. चोळी दुधानं भिजली. पडवीची लांबी आठ पावलं होती, ती तिनं किती वेळा मोजली कोण जाणे. आतून चिंधीचा आवाज यायचा, “आये, नाय पीत त्यो.” मग अंबाबाईचा, “पिईल. भूक लागली की पिईल.” ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं तरी रडणं चालूच होतं. फक्त बारीक झालं होतं, आणि तेच गोदूला सोसवेना. मोरूही शेवटी असाच बारीक रडायचा. ती उंबऱ्यापाशी गेली. आत जायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं होतं की पाय तिथं थांबले.

“आत्या,” ती म्हणाली, “मी आत येते.”

अंबाबाई समोरच बसली होती. तिच्या एका हातात कान्हा होता आणि दुसऱ्या हातात मोरूची बाटली. बाटली भरलेली तशीच होती. अंबाबाई बाटलीकडेच बघत होती, कान्हाकडे नव्हे. गोदूचं बोलणं ऐकून ती दचकली. मग उठली, कान्हाला उंबऱ्याबाहेर ठेवला आणि गोदूकडे न बघता म्हणाली, “घे. आजच्या दिस पाज. उद्या बगू.”

तो ‘उद्या’ मंगळवारी आला आणि बुधवारीही आला. रोज सकाळी भाकरीबरोबर कोरफडीची ताजी वाटी सरकत येई. रोज संध्याकाळी ती कोरडी पडलेली तशीच आत जाई.

बुधवारी चंद्राबाई आल्या आणि नेहमीप्रमाणे पडवीच्या पायरीवर टेकल्या. एरवी आतली सून आणि बाहेरची नर्सबाई यांच्यात आख्खं घर असे. आज अंबाबाईनं दोघींनाही एकाच जागी बसवलं होतं.

“काय गोदू? भावजय काय म्हणते?”

“ती हितंच बसलीय, बाय.”

“मला वाटलंच. कधी आली?”

“रविवारी. पन अकरा दिस उशिरा.”

“पाजताना मागेपुढे होते. चंद्रावर मोजत बसू नको. उद्या पाचवा दिवस. येणार?”

“कोन भावजय? कुटं येनार?” आतून अंबाबाईचा आवाज आला आणि मागोमाग ती दारात आली. गोदू काही बोलणार तेवढ्यात कान्हानं, नुकत्याच रांगायला लागलेल्या त्या पोरानं, पायरीकडे मोहरा वळवला होता तो फिरवला, वाटीपाशी बसला आणि पाची बोटं गरात बुडवून तोंडात घातली.

त्याचं तोंड असं वाकडं झालं की चंद्राबाईंना हसू फुटलं. त्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं, हे कोणी केलं म्हणून विचारावं तसं. अंबाबाईकडे बघून ओठ काढला, आणि भोकाड पसरून, रांगत, थेट गोदूच्या पदरात घुसला. तोंड कडू झालं होतं, त्यावर त्याला एकच औषध ठाऊक होतं.

चिंधी आत हसत होती. “आये, ह्याला लावून काय उपेग नाय गं! कडू लागलं की त्यो जास्तच पितोय!”

“गप बस, जल्ले,” अंबाबाई म्हणाली. पण तिचंही तोंड हललं. तिनं वाटी उचलली आणि घेऊन आत गेली. जाता जाता चंद्राबाईंना म्हणाली, “चा करते. घिऊन जा.” तो चहा तिनं कोणत्या पेल्यात दिला, हे गोदूनं लक्ष देऊन पाहिलं. घरच्याच पितळी पेल्यात दिला.

संध्याकाळी श्रीपत आला. पिशवी हातात घेऊन अंगणातच उभा राहिला. गोदू पडवीत, मध्ये चार हात अंतर. तिनं सगळं सांगितलं. शिमगा, पाडव्यानंतरचे ते अकरा दिवस, पापड, आणि उद्याचा पाचवा दिवस.

श्रीपत जमिनीकडे बघत होता. “कारखान्यात त्या लूपावरनं काय काय बोलतात. पोटात वर चढतो म्हन्तात. मानसं हसतात.”

“हसू देत.”

“तुला काय झालं तर?”

“मला आता काय हुत नाय का? तुमी खोपोलीला असता. मी हितं चांद बगत बसते.”

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मोरूला मी नेला हुता ना,” तो म्हणाला. “फडक्यात. काय वजनच नव्हतं गं त्याला.” मग घसा साफ करून म्हणाला, “सकाळची एस्टी किती वाजता हाय?”

गुरुवारी गोदू पहाटे न्हाली आणि कान्हाला कडेवर घेऊन नवऱ्याबरोबर कर्जतला गेली. दवाखान्यात बाकावर बायांची रांग होती. डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, “पाळी कधी आली?”

सव्वा महिना जी गोष्ट ती नदीच्या पाण्याखाली धूत होती, ती तिनं आख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशी सांगितली. “रविवारी. पापड लाटताना.”

पुढचे दिवस सुखाचे गेले असं नाही. अंगावरून जास्त जाई, कंबर धरे. दोनदा ती एवढी घाबरली की चंद्राबाईंना पायरीवरच गाठलं. पाळी चार दिवस उशिरा आली की ती अंगण झाडायची नव्हे, खणायचीच. पडवी काही सुटली नाही. दर महिन्याला ती तिथं बसायची. पण कान्हा तिच्या मांडीवर असायचा आणि वाटी पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर आली नाही. कोरफड घमेल्यात माजली. कोणी भाजलं-पोळलं की आळीतल्या बाया पान तोडून न्यायच्या.

लाल पापड टाकून द्यायची ऐपत नव्हती, तेव्हा ते वर्षभराहून जास्त खाल्ले गेले. अंबाबाई त्यांना गोदीचे पापड म्हणायची आणि चिंधी आयेच्या खाराचे. मार्गशीर्षात गजाशी लग्न होऊन सासरी जातानाही चिंधीनं तो वाद सोडला नव्हता.

कान्हा दोन वर्षांचा होत आला होता तेव्हाची गोष्ट. जेवणं चालली होती. तो उठला, अंबाबाईच्या ताटातली भाकरी त्यानं दोन्ही हातांनी ओढली, मोडली, त्यावर डब्यातल्या शेवटच्या लाल पापडाचा तुकडा ठेवला आणि ऐटीत खात अंगणात गेला. गोदूनं सवयीनं पदर सारून हाक मारली, “ये रं, पी.”

कान्हानं मागे वळून बघितलं. तोंड भरलेलं होतं. त्यानं मान हलवली आणि कोंबडीच्या मागे पळाला.

गोदू तशीच बसून राहिली. अंबाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी तिच्या ताटात टाकली.

“जेव आता,” ती म्हणाली.